‘कशावरून?’ : आयुर्वेदाच्या वर्गात तर्क कसा शिकवावा

बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या तत्त्वज्ञानाच्या, पेपरात आप्तोपदेश (जाणत्यांचे वचन), प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, लक्षणांसह लिहितो आणि चांगले गुण मिळवतो. तोच विद्यार्थी शेवटच्या वर्षी ओपीडीत रुग्णासमोर बसून निदान सांगतो, आणि ‘कशावरून?’ असे विचारले की श्लोक म्हणतो. श्लोक बरोबर असतो. परंतु त्या श्लोकातले नेमके काय या रुग्णात दिसले, काय दिसले नाही, आणि जे दिसले त्यावरून दुसरे एखादे निदान का निघत नाही, हे त्याला सांगता येत नाही. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात रोगनिदान शिकवताना हा अनुभव इतक्या वेळा आला की दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नसून आमच्या शिकवण्यात आहे, हे मान्य करावे लागले. प्रमाणे हा परीक्षेचा विषय म्हणून आम्ही शिकवली, हातात घ्यायचे साधन म्हणून शिकवली नाहीत.

पुढील पायऱ्या अशा अध्यापकांसाठी लिहिल्या आहेत, ज्यांच्या वर्गात साठ किंवा शंभर विद्यार्थी आहेत, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आहे आणि वेगळा निधी मिळण्याची शक्यता नाही. नांदेड-धाराशिवच्या शासकीय महाविद्यालयात असो की एखाद्या खासगी संस्थेत, यातले बहुतेक सगळे एका वहीवर आणि आठवड्यातील एका तासावर करता येते.

पहिली पायरी : प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे ग्रंथातूनच दाखवावे

विद्यार्थ्यांच्या मनात, आणि खरे सांगायचे तर अनेक अध्यापकांच्याही मनात, एक भीती असते की संहितेवर, म्हणजे चरक-सुश्रुतांच्या मूळ ग्रंथांवर, प्रश्न उपस्थित केला तर शास्त्राचा अवमान होतो. ही भीती न काढता पुढचे काहीही साधत नाही, म्हणून पहिले दोन तास केवळ यासाठी द्यावेत.

चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागातील चौथा अध्याय वर्गात वाचावा. तेथे रोगज्ञानाची तीन साधने सांगताना क्रम स्पष्ट दिला आहे : आधी आप्तोपदेशाने ज्ञान, आणि त्यानंतर प्रत्यक्ष व अनुमान यांनी परीक्षा. म्हणजे आप्तवचनापासून आरंभ करायचा आहे, तेथेच थांबायचे नाही. त्यानंतर सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायातील रसांच्या, म्हणजे चवींच्या, संख्येवरची चर्चा घ्यावी. भद्रकाप्य एकच रस मानतो, शाकुन्तेय दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष चार, कुमारशिरा भरद्वाज पाच. निमी सातपर्यंत जातो, बडिश आठपर्यंत, आणि कांकायनाच्या मते रस अगणित आहेत. आत्रेय सहा रसांचा निर्णय देतात, पण इतरांची मते ग्रंथातून पुसली जात नाहीत, ती हेतूंसह, म्हणजे त्यांमागच्या कारणांसह, नोंदवली जातात. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : निर्णय ठरलेला होता, तर हरलेली मते लिहून ठेवण्याची गरज संहिताकारांना का वाटली असावी?

येथे आपल्या भागाचाही एक धागा हाताशी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून देवळांच्या बांधणीवरून ओळखतो, त्याने तेराव्या शतकात अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. मूळ वचनाला इतर तंत्रांतील वचनांशी ताडून पाहणे, पाठभेद नोंदवणे आणि विसंगती दिसल्यास तिची उकल करणे, हे टीकाकाराचे नित्याचे काम असते. दौलताबादचा किल्ला सहलीत पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे ऐकून शास्त्र जवळचे वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.

मात्र सोयीची तेवढीच वचने दाखवू नयेत. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याला चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे, ती आपण आवडीने सांगतो. परंतु त्याच सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात प्रसिद्ध औषधांविषयी मीमांसा करू नये, ती आगमानुसार, म्हणजे शास्त्रवचनानुसार, वापरावीत, असेही म्हटले आहे, आणि हजार हेतू दिले तरी अंबष्ठादि गण हा औषधींचा समूह विरेचन करणार, म्हणजे जुलाब घडवणार, नाही, असा दाखला दिला आहे. हुशार विद्यार्थी हे वचन आज ना उद्या समोर ठेवतोच, तेव्हा ते आपणच आधी ठेवावे. माझ्या वाचनाप्रमाणे येथे शुष्क तर्काला प्रत्यक्ष दिसणाऱ्या परिणामापुढे थांबवले आहे, कारण औषध काय करते हे युक्तिवादाने बदलत नाही. पण हेच वचन प्रश्न बंद करण्यासाठीही वापरले जाते. दोन्ही अर्थ फळ्यावर लिहावेत आणि निवड विद्यार्थ्यांवर सोडावी.

दुसरी पायरी : युक्ती शेतातून शिकवावी

चार प्रमाणांपैकी युक्ती हे चरकाचे वैशिष्ट्य, आणि शिकवायला सर्वांत अवघड. अनेक कारणांच्या संयोगातून घडणाऱ्या गोष्टी पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती, ही व्याख्या पाठ होते आणि तेथेच राहते. चरकाने मात्र सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात उदाहरण दिले आहे ते जल, कर्षण, बीज आणि ऋतू यांच्या संयोगातून उगवणाऱ्या पिकाचे. मराठवाड्यात शिकवणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती असणार? आपल्या वर्गातील किती तरी मुले-मुली सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या घरांतून आलेली असतात आणि दुबार पेरणीचा घोर त्यांनी घरी पाहिलेला असतो.

त्यांना असा प्रश्न द्यावा : जूनमध्ये पेरलेले सोयाबीन आठ दिवसांत उगवले नाही; कारण सांगा. पहिले उत्तर येते, ‘बियाणे बोगस होते.’ ते फळ्यावर लिहावे आणि विचारावे, कशावरून? मग हळूहळू वर्ग बोलू लागतो. वाफसा नसताना पेरले असेल, तिफणीने बी खोल पडले असेल, पेरणीनंतर पावसाने खंड दिला असेल, उलट मोठा पाऊस होऊन जमिनीचा वरचा थर कडक झाला असेल, पाखरांनी बी वेचले असेल. यादी झाल्यावर खरा प्रश्न विचारावा : यांपैकी नेमके कोणते, हे ठरवण्यासाठी तुम्ही काय कराल?

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नसे, उठून म्हणाली, “सर, तास उकरून बघायचं.” (तास म्हणजे पेरणीची ओळ.) तिने सांगितलेले मी जसेच्या तसे फळ्यावर लिहिले : बी कुजलेले सापडले तर पाणी जास्त झाले, कोरडे, जसेच्या तसे सापडले तर ओल पुरली नाही, कोंब फुटून जमिनीखालीच वाकडा झालेला सापडला तर बी खोल गेले किंवा वर पापडी धरली, बी सापडलेच नाही तर पाखरे किंवा मुंग्या, आणि ओल, खोली सगळे ठीक असताना बी नुसतेच फुगून राहिले असेल तर बियाण्यावर संशय घ्यावा. प्रत्येक कारणाची खूण वेगळी आहे आणि ती खूण पाहायला वाकावे लागते. व्याधीच्या बाबतीत निदान (येथे अर्थ कारण), पूर्वरूप (आधीची चिन्हे), रूप (लक्षणे), उपशय (कशाने बरे वाटते; उलट ते अनुपशय) आणि संप्राप्ती (व्याधी घडण्याची प्रक्रिया) हे निदानपंचक म्हणजे याच उकरण्याची साधने आहेत, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तिसरी पायरी : वाचताना ‘नेमके काय मोजले?’ हे विचारण्याची सवय लावावी

रचनाशारीराच्या, म्हणजे शरीररचनेच्या, तासाला अस्थिसंख्येचा प्रश्न घ्यावा. चरक 360 अस्थी सांगतो, सुश्रुत 300, आणि विच्छेदनगृहात प्रौढ सांगाड्यात आपण 206 हाडे शिकवतो. बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक मार्ग धरतात : ‘जुन्यांचे चुकले’ किंवा ‘त्यांची दृष्टीच वेगळी होती’. या दोन्ही उत्तरांत विचार नाही. विद्यार्थ्यांना मूळ यादी काढायला लावावी. चरकाच्या गणनेत 32 दात, दातांची 32 उखळे आणि 20 नखे धरलेली आहेत. सुश्रुताच्या अस्थिप्रकारांत रुचक म्हणजे दात आहेत आणि तरुणास्थीही आहेत, ज्यांना आज आपण कूर्चा म्हणतो. म्हणजे वाद संख्येचा दिसत असला तरी त्याआधी ‘अस्थी कशाला म्हणायचे’ या व्याख्येचा आहे. व्याख्या जुळवून घेतल्यावरही प्रत्येक आकडा समोरच्या सांगाड्याशी जुळेलच असे नाही, आणि जेथे जुळत नाही तेथे ‘जुळत नाही’ असे स्वच्छ लिहिण्याची मोकळीक विद्यार्थ्याला असली पाहिजे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सुश्रुत स्वतःच सांगतो की प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले, ही दोन्ही एकत्र आली की ज्ञान वाढते.

चौथी पायरी : हेतुवही

या संपूर्ण कार्यपद्धतीचा कणा ही एक वही आहे. बाकीचे सोडून केवळ एवढेच करायचे ठरवले तरी चालेल.

विद्यार्थ्याने ओपीडी किंवा आयपीडीतील (दाखल रुग्णांच्या विभागातील) एका रुग्णासाठी वहीचे एक पान वापरावे. पानाच्या वरच्या भागात रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, शास्त्रीय शब्द येथे वर्ज्य समजावेत. ‘कणकण’, ‘ठणका’, ‘चमक’, ‘मुंग्या’, ‘अंग मोडून येतं’ या शब्दांत जो बारकावा आहे, तो ‘वेदना’ असे लिहिताच हरवतो. आणि रुग्ण स्वतः ‘मला वात आहे’ किंवा ‘गॅस डोक्यात चढतो’ म्हणाला, तर ते त्याचे निदान आहे, लक्षण नव्हे, हे विद्यार्थ्याने ओळखून पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. त्याखाली चार ओळी : माझी प्रतिज्ञा, म्हणजे निदान, माझे हेतू, दुसरे कोणते निदान संभवते आणि मी ते का सोडले, आणि काय दिसले तर मी माझे मत बदलेन. ही चौथी ओळ रिकामी असेल तर मी पान परत करतो. आणि एक नियम काटेकोर पाळावा : अध्यापकाने आपले मत सांगण्यापूर्वी पान लिहून झालेले असावे, कारण सरांचे निदान एकदा कानावर पडले की सर्व हेतू त्याच दिशेने धावतात.

एक पान उदाहरणादाखल सविस्तर सांगतो. साधारण पंचावन्न वर्षांच्या एक शेतमजूर बाई आल्या. सांधे दुखतात, ही तक्रार. तपासणाऱ्या मुलाने दोन मिनिटांत प्रतिज्ञा लिहिली, ‘संधिगत वात’ (वातामुळे होणारे सांध्यांचे दुखणे), आणि हेतू लिहिला, ‘संधिशूल असल्यामुळे’. मी त्याला न्यायशास्त्रातील सव्यभिचार हेतू, म्हणजे एकाहून अधिक निष्कर्षांना लागू पडणारा सदोष हेतू, आठवतो का, असे विचारले. व्याख्या त्याने लगेच सांगितली. मग विचारले, “सांधे दुखतात पण संधिगत वात नाही, असे कोणकोणत्या व्याधीत होते?” थोडे थांबून तो म्हणाला, “आमवात, वातरक्त, ज्वरातसुद्धा.” पहिले दोन सांध्यांचेच वेगळे विकार आहेत, ज्वर म्हणजे ताप. म्हणजे ज्या हेतूवर त्याने निदान उभे केले होते, तो तीन-चार घरी जाऊन बसणारा हेतू होता. पाठ केलेला हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, आपल्याच वहीत सापडला, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तो पुन्हा रुग्णाजवळ बसला आणि या वेळी त्याने दुखणे कधी वाढते आणि कशाने कमी होते, हे विचारले. बाई म्हणाल्या, “सकाळच्या पारी बोटं वळतच न्हाईत रे लेकरा. ऊन चढल्यावर जरा मोकळी व्हतात. सुनंनं करडीचं त्याल चोळलं तर रातभर ठणकलं. मग म्या इटकर तापवून शेकलं, तवा बरं वाटलं.” दोन्ही हातांची लहान बोटे सुजलेली होती, तोंडाला चव नव्हती, अंग जड होते. तेलाने वाढणे आणि रुक्ष (कोरड्या) शेकाने कमी होणे हा उपशय-अनुपशय त्या बाईंनी घरीच तपासून आणला होता. माधवनिदानात वर्णिलेल्या आमवाताच्या चिकित्सेत वाळूच्या पोटलीचा रुक्ष स्वेद (शेक) सांगितला जातो, त्याच्या शेजारी घरची तापवलेली वीट ठेवून पाहावी. गूढ लक्षणांच्या व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हे चरकवचन त्या मुलाला परीक्षेसाठी पाठ होते. त्या दिवशी ते त्याच्या उपयोगी पडले.

त्याने प्रतिज्ञा बदलली, अभ्यंग (तेल चोळणे) थांबवण्याचे लिहिले, आणि चौथ्या ओळीत नोंदवले की दीपन-पाचनानंतरही (भूक आणि पचन सुधारणाऱ्या उपचारानंतरही) सूज आणि सकाळचा ताठरपणा तसाच राहिला तर मत पुन्हा तपासावे लागेल. मी त्यात एक भर घालायला लावली : आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या, आणि संधिवाततज्ज्ञाचा सल्ला. सांध्याची झीज एकदा झाली की ती परत फिरत नाही, त्यामुळे आपल्या निदानाची मर्यादा कोठे येते हे वेळेत ओळखणे हाही तर्काचाच भाग आहे, आणि तो शिकवणे अध्यापकाने टाळू नये.

काही रुग्णांत नाव ठरतच नाही. अशा वेळी विद्यार्थी घाईने कोणते तरी नाव चिकटवतात. त्यांना सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायाचे वचन दाखवावे, की व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नाव नसते. हेतुवहीत ‘नाव अनिश्चित, दोष, अधिष्ठान (व्याधीचे स्थान) आणि हेतू (कारण) असे’ असे लिहिलेले पान मी पूर्ण समजतो.

लक्षणाचा अभावही पुरावा असतो, हे शिकवण्यासाठी प्रमेह (मूत्राचा विकार) आणि रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार) यांचे उदाहरण पुरेसे आहे. मूत्र हळदीच्या रंगाचे किंवा रक्तयुक्त असले तरी प्रमेहाची पूर्वरूपे झालेली नसतील, तर त्याला प्रमेह म्हणू नये, तो रक्तपित्ताचा प्रकोप होय, असे चरक सांगतो. ‘काय नाही’ हे विचारण्याची सवय मुलांना फार उशिरा लागते, म्हणून हेतूंच्या ओळीत एक तरी हेतू अभावाचा असावा, असा आग्रह धरावा.

पाचवी पायरी : आठवड्याला एक संभाषा

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे त्याच शास्त्राच्या जाणकारांतील चर्चेचे, संधाय (सलोख्याची) आणि विगृह्य (जिंकण्यासाठीची) असे दोन प्रकार आणि 44 वादमार्गपदे (वादासाठी जाणून घ्यायच्या संज्ञा) दिली आहेत. वर्गात संधाय संभाषाच घ्यावी. तिचे नियम संहितेतच आहेत : निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये आणि समोरचा निरुत्तर झाला तरी हर्ष करू नये. विगृह्य संभाषेतील डावपेच वाचावेत ते ओळखता यावेत म्हणून. ‘हा नवतंत्र वैद्य आहे’, म्हणजे नवशिका आहे, असे एकाने म्हटल्यावर दुसऱ्याने ‘मी नऊ तंत्रांचा नव्हे, एकाच तंत्राचा’ असे उत्तर देणे, हे वाक्छलाचे, म्हणजे शब्दाच्या दुहेरी अर्थाने केलेल्या फसवणुकीचे, उदाहरण चरकाने दिले आहे आणि मराठीतही ‘नव’चे दोन्ही अर्थ असल्याने मुलांना ते लगेच उमगते.

आरंभीच्या वर्षी मी हे चुकीच्या पद्धतीने केले. संपूर्ण वर्गात खुली चर्चा ठेवली, आणि पाच-सहा बोलकी मुले सोडून बाकीचे, विशेषतः खेड्यांतून आलेल्या मुली, वर्षभर गप्प राहिल्या. आता पाच-पाच जणांचे गट करतो, पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने आपले मत हेतूसह लिहायचे, मराठीत लिहिले तरी चालते, आणि नंतरच बोलायचे. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे मांडायचे, की तो ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल. तासाच्या मध्यावर बाजू बदलायच्या. अध्यापकाने शेवटची पाच मिनिटेच बोलावे. हे सर्वांत कठीण जाते.

सहावी पायरी : आजचे शोधनिबंध त्याच साधनांनी वाचावेत

वर्षात दोन निबंध पुरतात, मात्र एक अनुकूल आणि एक प्रतिकूल असावा. प्रतिकूल म्हणून 2021 मधील गुळवेलीचे प्रकरण घेता येते : मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नसल्याचा आक्षेप घेतला, कारण टिनोस्पोरा कॉर्डिफोलियासारखीच (गुळवेलीसारखीच) दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंचे हेतू लिहावेत. वनस्पती नेमकी कोणती होती? रुग्ण आणखी काय घेत होते? गुळवेल थांबवल्यावर यकृत सुधारले का? ‘आमचे औषध’ म्हणून आक्षेप झटकणे आणि ‘अहवाल छापून आला’ म्हणून तो मान्य करणे, या दोन्हींत हेतू नाही, हे येथे ठसते.

अनुकूल म्हणून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली कोईमतूरची संधिवातावरील चाचणी घ्यावी. त्यात 43 रुग्णांचे तीन गट होते : आयुर्वेदिक चिकित्सा, मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचे आधुनिक औषध, आणि दोन्ही. कोणाला काय दिले हे रुग्ण आणि परीक्षक दोघांपासूनही लपवले होते. गटांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून ‘आयुर्वेद मेथोट्रेक्सेटइतकाच प्रभावी ठरला’ असे म्हणता येईल का, हा प्रश्न तासभर पुरतो, कारण इतक्या कमी रुग्णांत फरक न दिसणे आणि फरक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच तासाला जोडून एक छोटा प्रयोग करावा. एका विद्यार्थ्याची प्रकृती, म्हणजे वात-पित्त-कफांनुसार शरीराचा स्वभाव, चौघांनी एकमेकांशी न बोलता परीक्षावी आणि निष्कर्ष बंद चिठ्ठीत द्यावेत. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर कोणाचे चुकले यावर वेळ न घालवता, कोणत्या भावाच्या (तपासलेल्या बाबीच्या) परीक्षेत मतभेद झाला ते शोधावे.

सातवी पायरी : गुण

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे स्वरूप आपल्या हाती नसते, परंतु अंतर्गत चाचणी आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) असतात. रोगनिदानाच्या दहा गुणांच्या प्रश्नात निदानाला तीन, हेतूंना चार आणि सोडलेल्या पर्यायाच्या कारणमीमांसेला तीन गुण द्यावेत आणि हे वर्षारंभीच जाहीर करावे. निदान चुकले तरी हेतू सचोटीने मांडणाऱ्याला सात गुण मिळू शकतात, हे कळल्यावर नक्कल कमी होते. व्हायवात श्लोक विचारावा, जरूर विचारावा, पण त्याच्या पाठोपाठ ‘हा श्लोक लागू पडत नाही असा एक रुग्ण सांग’ असेही विचारावे.

काही बदलले की नाही, हे पाहण्यासाठी जूनमध्ये सर्वांना एकच अनोळखी केस पेपर द्यावा आणि उत्तरे जपून ठेवावीत. फेब्रुवारीत तशाच काठिण्याचा दुसरा पेपर द्यावा. दोन्ही गठ्ठ्यांवरील नावे आणि तारखा झाकून ते एकत्र मिसळावेत आणि तपासण्यासाठी दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याकडे द्यावेत, कारण आपली पद्धत आपणच तपासली तर आपला हेतूही सव्यभिचारच ठरेल. सहकाऱ्याने प्रत्येक उत्तरात फक्त दोन गोष्टी मोजाव्यात : रुग्णात प्रत्यक्ष दिसलेले किती हेतू दिले, आणि नाकारलेले पर्यायी निदान कारणासह लिहिले आहे का.